रिंगेचा हूक आणि कुडाची भिंत

मे महिन्यातली दुपार होती. चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातलं एक गाव. आदल्या सकाळी घरकुलाचा स्लॅब टाकून झाला होता. त्यावर सिमेंट-रेतीच्या बारीक कडा ओढून चौकोन पाडले होते, थेट धानाच्या बांध्यांसारखे. या बांध्यांत पाणी साठवून स्लॅब ओला ठेवायचा असतो. आमच्याकडचे मिस्त्री त्याला तराई म्हणतात. मी शिडीने वर चढलो तेव्हा बांध्या कोरड्या पडल्या होत्या आणि चपलेतूनही चटका जाणवत होता. खाली घरची बाई डोक्यावरचा गुंड उतरवत होती. हातपंपावर तिचा अर्धा तास गेला होता. तिनं मला विचारलं, "पेवाले ठेवाव का स्लॅबले पाजाव, तुमीच सांगा जी."

मला उत्तर सुचलं नाही. पुस्तकात ते आहे. काँक्रीटच्या कामाचं जे भारतीय मानक आहे, क्रमांक ४५६, त्याची २००० सालची आवृत्ती सांगते की साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान सात दिवस ओलं ठेवावं. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर दहा दिवस. सिमेंट राखमिश्रित असेल तर ही मुदत चौदा दिवसांपर्यंत न्यावी. आज दुकानात मिळणारी बहुतेक पोती राखमिश्रित सिमेंटचीच असतात. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते आणि तिला पकड धरायला वेळ लागतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. तेव्हा हिशेब सरळ आहे: चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, तेही हातपंप दमलेला असताना. त्या स्लॅबला तीन दिवस पाणी मिळालं. चौथ्या दिवसापासून तो उन्हाच्या हवाली झाला.

हे मला फार लागतं, कारण ज्या जिल्ह्यात हे घडतं तोच जिल्हा निम्म्या महाराष्ट्राला घर बांधायचं सामान पुरवतो. कोरपना-राजुरा भागातली चुनखडी, गडचांदूर, आवारपूर आणि घुग्घूसचे सिमेंटचे कारखाने, जमिनीखालचा कोळसा, तो जाळणारं २९२० मेगावॅटचं चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र आणि त्याची राख. पोतं इथूनच निघतं. ते पोतं नीट कसं वापरायचं, हे ज्ञान मात्र इथल्याच मिस्त्रीपर्यंत पोहोचलेलं नाही.

राज्याचा नियम आता एकच आहे. २ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अधिसूचित केली. मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळली तर राज्यभर तीच चालते. त्याआधी प्रत्येक शहराची वेगळी नियमावली होती आणि चंद्रपूरचा आर्किटेक्ट नागपुरात गेला की पुन्हा पहिलीपासून शिकायचा. ते थांबलं हे चांगलंच झालं. इमारतीच्या मजबुतीसाठी ही नियमावली राष्ट्रीय इमारत संहितेकडे आणि भारतीय मानकांकडे बोट दाखवते. ती संहिता पहिल्यांदा १९७० साली आली आणि २०१६ साली तिची नवी आवृत्ती निघाली. गावांसाठी २०२१च्या सुरुवातीला आणखी सूट मिळाली. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला वेगळी परवानगी नको, कागद जोडले आणि परवानाधारक अभियंत्याने नकाशा नियमात बसतो असं लिहून दिलं की पुरे. ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने दहा दिवसांत दाखला द्यायचा. गावकऱ्याचे तालुक्याचे खेटे वाचले. पण भामरागड जिल्ह्याच्या ठिकाणापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या माणसाला सही मिळेलही, पण सही करणारा माणूस त्याच्या पायव्याच्या चरात कधी उतरून पाहील?

गावातलं घर ठरतं ते मिस्त्रीच्या हातावर. त्या गावच्या मिस्त्रीजवळ मी दोन तास बसलो. आठ मिलिमीटरच्या सळाखीतून तो कॉलमच्या रिंगा वाकवत होता. पाटावर ठोकलेले तीन खिळे, हातात पाईपचा तुकडा, आणि वीस सेकंदांत एक चौकोनी रिंग तयार. काम देखणं होतं. फक्त शेवटी दोन्ही टोकं तो काटकोनात मोडून सोडत होता, जेमतेम इंचभर. १३९२० क्रमांकाचं मानक सांगतं की रिंगेची टोकं १३५ अंशांत, म्हणजे काटकोनाच्या पुढे, आत कॉलमच्या पोटाकडे वळवावीत आणि वळलेलं टोक निदान ६५ मिलिमीटर असावं. कारण साधं आहे. कॉलमला जोराचा हिसका बसला की बाहेरचं काँक्रीट आधी सोलून निघतं. काटकोनातली रिंग त्याबरोबर उघडते आणि आतल्या उभ्या सळाखी फाकतात. आत रुतलेला हूक उघडत नाही. भूकंपाच्या कमी धोक्याच्या क्षेत्रात हे बंधन नाही, हेही सांगायला हवं. पण खर्च किती, तर रिंगेमागे दोन-तीन इंच सळाख आणि मनगटाचा एक झटका. मी चित्र काढून दाखवलं. मिस्त्रीने पाईप थोडा पुढे रेटला, रिंग पाहिली आणि म्हणाला, "हे तं कोनी सांगतलंच नाई." पुढच्या सगळ्या रिंगा त्याने तशाच केल्या.

कमी धोक्याचं क्षेत्र या शब्दांवर आपण मराठी माणसांनी तरी विसंबू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित समजलेल्या पहिल्या क्षेत्रात होता. गणेशविसर्जन करून दमून झोपलेली आठ ते दहा हजार माणसं गेली. २००२ साली नकाशातून ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं गेलं. आपल्याकडेही जमीन अगदी गप्प नाही. प्राणहिता-गोदावरीचं खोरं ही भूगर्भातली जुनी खचदरी आहे. १९६९ साली भद्राचलमला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा गडचिरोली आणि चंद्रपुरात माणसं चहाचा कप टाकून अंगणात धावली होती.

किल्लारीत माणसं मेली ती घरांमुळे. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीच्या थरांचं जड माळवद. भिंत आतबाहेर फुटली आणि सगळं वजन झोपलेल्यांच्या अंगावर आलं. त्याच गावांत कुडाच्या झोपड्यांतली माणसं बरीचशी वाचली. ही आठवण काढली की मला नागभीडजवळचं आजोबांचं घर दिसतं.

त्या घराचे खांब ऐनाचे होते. खांबांच्या मध्ये बांबूच्या कमच्या विणलेल्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि बारीक केलेली तणस कालवून लिंपलेली. हीच कुडाची भिंत. वर बांबूचा सांगाडा आणि कवेलू. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायचे आणि भिंतीला नवा हात द्यायचा. सगळ्या भिंतीचं वजन दगडी भिंतीच्या पासंगाला पुरणार नाही. हादरा बसला तर असं घर हलतं, कुरकुरतं, लिंपणाचे पोपडे पडतात, पण सांगाडा उभा राहतो. मेच्या उन्हात त्या घरात झोप लागायची. माझ्या वडिलांनी पुढे शेजारीच स्लॅबचं घर बांधलं. ते उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत उष्णता ओकतं आणि तिसऱ्या पावसाळ्यापासून गळतं आहे. स्लॅब मे महिन्यातच टाकला होता आणि आधाराच्या बल्ल्या पाचव्या दिवशी काढल्या होत्या. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला त्या किमान सात दिवस ठेवायच्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

कुडाच्या घराचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. खांब थेट मातीत पुरलेले असत, बुडाशी ओल धरत, वाळवी लागे. दर बारा-पंधरा वर्षांनी एखादा खांब बदलावा लागे. पुराचं पाणी दोन दिवस थांबलं की लिंपण विरघळे. हे दोष खरे आहेत आणि त्यांवर उपायही लिहून ठेवलेले आहेत. खांब दगडाच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवावा. बांबू तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला असावा. वाहत्या नाल्यात बुडवून त्यातली साखर धुऊन काढली की भुंगा लागत नाही. आमचे बुरड हे आजही करतात. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवणं हा त्याचाच पुढचा टप्पा. मातीच्या घरांची भूकंपक्षमता वाढवण्याचं मानक, क्रमांक १३८२७, हे तर किल्लारीच्याच वर्षी, १९९३ साली निघालं. बांबूच्या बांधकामासाठी १५९१२ क्रमांकाचं मानक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या सहाव्या भागात लाकडाशेजारी बांबूला स्वतंत्र जागा दिली आहे. संहितेला बांबू आणि माती मान्य आहेत, हे कार्यालयातल्या टेबलांवर कुणी वाचलेलंच दिसत नाही.

टेबलावर चालते ती दुसरी यादी. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत घर कच्चं की पक्कं हे भिंतीच्या आणि छताच्या सामानावरून ठरलं. माती कच्ची, बांबू कच्चा, लाकूड कच्चं. हाताने घडवलेलं कवेलू कच्चं आणि यंत्रातून निघालेलं कवेलू पक्कं. याच गणनेवरून प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण लाभार्थी ठरले. योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं हवं आणि मदत सपाट भागात १ लाख २० हजार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार. ज्याला डोक्यावर धड छप्पर नाही त्याला हे पैसे मिळालेच पाहिजेत, यात मला तिळमात्र शंका नाही. माझी तक्रार एवढीच की चांगल्या कुडाच्या घराला दगडी जोतं, मुरवलेला बांबू आणि पक्का संडास देऊन तेच घर मजबूत करायचा पर्याय त्या बाईपुढे कुणी ठेवला नाही. तिच्यापुढे ठेवला गेला फक्त स्लॅब, आणि तोही पाणी नसताना.

बांबूचं नाव काढलं की चंद्रपुरात लगेच चिचपल्लीचा विषय निघतो. चंद्रपूर-मूल रस्त्यावर वनविभागाचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूची भव्य वास्तू तिथे उभी राहत होती आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती आगीत गेली. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून पाहत होती. त्यानंतर कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं, बांबूचं घर म्हणजे काडेपेटी. मला हे पटत नाही. उघडा, सुकलेला, पोकळ बांबू पेटतो. पेरातली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो आणि ठिणगी पुढे जाते, हे खरंच आहे. म्हणून तर कुडाला दोन्ही बाजूंनी माती लिंपलेली असते. त्या दोन बोटं जाडीच्या मातीखालच्या बांबूला आग सहजी पोहोचत नाही. मोठ्या इमारतीत बांबू उघडा ठेवायचा असेल तर आगप्रतिबंधक लेप, भाग वेगळे करणाऱ्या भिंती आणि पाण्याची सोय लागते. संहितेचा चौथा भाग पूर्ण याच विषयावर आहे. चिचपल्लीपासून हा धडा घेऊन याच जिल्ह्यात आगीला तोंड देणाऱ्या बांबूच्या घराचा नमुना तयार व्हायला हवा. असा प्रयोग करायला देशात याहून योग्य जागा मला दिसत नाही.

लोकांना विचारून बांधलं तर काय होतं, याचं उदाहरण जवळच आहे. गडचिरोलीजवळ चातगावला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्राम उभारलं. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी भोवतालच्या गोंड गावांना विचारलं. लोकांनी आपल्या गावासारखा हवा असं सांगितलं: सुटी घरं, अंगण, नातेवाइकांना राहायला जागा आणि देवी. १९९३ साली माँ दंतेश्वरी दवाखाना त्या रूपात सुरू झाला.

आता जमिनीबद्दल. २६ ऑगस्ट २०२२, शुक्रवारची संध्याकाळ. घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एका घरातल्या माणसांना पायाखाली हालचाल जाणवली. ती बाहेर पळाली आणि काही मिनिटांत अख्खं घर जमिनीत गेलं, सुमारे ७० फूट खोल. वरून पाहणाऱ्याला एक गोल विवर दिसत होतं आणि भोवती शेजाऱ्यांची घरं तशीच उभी. जीव कुणाचा गेला नाही. खाली इंग्रजांच्या काळापासूनची कोळसा खाण होती. जुन्या भुयारी खाणीत कोळशाचेच खांब सोडून मधला कोळसा काढत. पोकळीत रेती भरली नाही, पाणी शिरलं, खांब झिजला की वरचं छत बसतं आणि ते बसणं हळूहळू वर चढत एक दिवस कुणाच्या तरी घरापर्यंत येतं. त्या वॉर्डातल्या शंभरावर कुटुंबांना घरं सोडावी लागली.

घराच्या नकाशात भिंती, खिडक्या, संडास, टाकी सगळं दाखवावं लागतं. खालची पोकळी त्या कागदावर येत नाही. वास्तविक बंद केलेल्या खाणीचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. म्हणजे एका सरकारी कपाटात पोकळीचा नकाशा आहे आणि दुसऱ्या सरकारी कपाटात घराचा. घुग्घूस, चंद्रपूर, बल्लारपूरच्या वस्त्यांखाली कुठे काय पोखरलेलं आहे, हे दाखवणारा एकच नकाशा प्रत्येक पालिकेच्या भिंतीवर टांगायला काय लागतं? लोकांना घर बांधण्याआधी, घर विकत घेण्याआधी तो पाहता आला पाहिजे. अमराई वॉर्डातल्या माणसांना पळायला काही मिनिटं मिळाली. पुढच्या वेळी ती रात्री दोन वाजता मिळाली तर?

पाण्याचं तेच. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी बाजारपेठेत शिरून गाव जगापासून तुटतं. नियमावलीत निळी आणि लाल पूररेषा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत नवं घर नाही; दोन्हींच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटीमीटर वर. नियम उत्तम आहे. पण ती रेषा गावातल्या खांबावर रंगवलेली असेल तरच मिस्त्रीला जोतं किती उचलायचं ते कळेल. सिरोंचाजवळ गोदावरीवरचा मेडीगड्डा बॅरेज २०१९ साली सुरू झाला आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे खांब खचले. तेलंगणा राज्याची सगळी ताकद लावून बांधलेल्या कामाला नदीच्या वाळूने असा हिसका दिला. मग घरकुलाच्या दोन फूट चराकडे लक्ष द्यायला कुणी हवंच की नको?

बल्लारशाह रेल्वे स्थानकाचा पूलही मला विसरता येत नाही. २७ नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी पादचारी पुलाच्या स्लॅबचा भाग निखळला, माणसं वीसेक फुटांवरून रुळांवर पडली. एक शिक्षिका गेली, दहा-बारा जण जखमी झाले. बांधलेली गोष्ट पुढे तपासत राहावी लागते. शहरांतल्या तीस वर्षांहून जुन्या इमारतींसाठी संरचनात्मक तपासणीची तरतूद कायद्यात आहे. गावातल्या शाळेची, समाजमंदिराची, जुन्या टाकीची तपासणी कोण करणार, हे ग्रामसभेने विचारायला हवं. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ साली आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा हक्क मिळवला. जी ग्रामसभा जंगल राखू शकते, ती आपल्या घराचे नियमही समजून घेऊन राखू शकते.

घरकुल योजनेतच ग्रामीण मिस्त्रींसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, प्रत्यक्ष घर बांधत शिकवणारं. माझं शासनाला कळकळीचं मागणं आहे की ते प्रशिक्षण भामरागड, एटापल्ली, जिवतीच्या मिस्त्रींपर्यंत माडिया आणि गोंडी बोलीत न्यावं, त्यात कुडाची भिंत आणि मुरवलेला बांबू शिकवावा, आणि रिंगेचा हूक प्रत्येकाच्या हाताला बसेपर्यंत शिकवावा. दुसरं मागणं हप्त्याचं. घरकुलाचे पैसे असे सोडा की स्लॅब दिवाळीनंतर, धान निघाल्यावर पडेल. तेव्हा विहिरीत पाणी असतं, हवा थंड असते आणि गड्यांना वेळ असतो.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी कुणी यंदा गावी घर काढणार असाल तर सळाख वाकवली जाते त्या दिवशी मिस्त्रीजवळ जाऊन बसा. हूक आत वळलाय का ते पाहा. स्लॅब डिसेंबरात टाका आणि चौदा दिवस तराई करा.